एका जजचा एक राउंड: डेल्फीन पर्सोनची हार समजून घेताना

९५-९५, ९६-९४, ९६-९४.

१ जून २०१९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हे तीन आकडे वाचून दाखवले गेले आणि बेल्जियमची डेल्फीन पर्सोन रडत रिंगबाहेर पडली. आयर्लंडची केटी टेलर जिंकली होती. टेलरचा चेहरा सुजलेला होता. लाइटवेट गटातले चारही जागतिक पट्टे आता तिच्याकडे होते. बॉक्सिंगच्या चार मोठ्या संघटना एकाच वजनगटात आपापला वेगळा जगज्जेता ठरवतात. त्या रात्रीपर्यंत तीन पट्टे टेलरकडे होते आणि चौथा, डब्ल्यूबीसीचा, २०१४ पासून पर्सोनकडे.

त्याच रात्री त्याच रिंगमध्ये पुरुषांचा हेवीवेट जगज्जेता अँथनी जोशुआ अनपेक्षितपणे हरला आणि दुसऱ्या दिवशीचे मथळे त्याने व्यापले. तरी ज्यांनी महिलांची लढत पाहिली होती त्यांचा वाद थांबेना. पर्सोन जिंकली होती असं मानणारे खूप जण होते. मी ती लढत पुष्कळदा पाहिली आहे आणि माझाही कौल पर्सोनकडे झुकतो. पण कोण जिंकायला हवं होतं हे सांगण्यासाठी हा लेख नाही. असा निकाल कसा लागतो, त्यात कौशल्य कुठे दिसतं, कुठे नजरेतून निसटतं, आणि ४३ विजय नावावर असलेल्या बाईला जगाने ओळखायला एक हार का लागली, हे मला उलगडून सांगायचं आहे.

आकड्यांपासूनच सुरू करू. मराठीत ‘पंच’ म्हटलं की ठोसाही आणि निकाल देणारा माणूसही, म्हणून इथे मी निकाल देणाऱ्याला जज म्हणते. रिंगच्या तीन बाजूंना तीन जज बसतात. प्रत्येक राउंड संपला की जो सरस ठरला त्याला १० आणि दुसऱ्याला ९ गुण. कोणी खाली पडलं तर सहसा आणखी एक गुण कमी. राउंड अगदी समसमान वाटला तर दोघांना १०-१० देता येतात, पण जज ते क्वचितच करतात. महिलांची जागतिक लढत सहसा दहा राउंडची असते. सहा राउंड जिंकणारीचे ६० आणि हरलेल्या चार राउंडचे ३६ मिळून ९६ होतात, समोरचीचे ९४. पाच-पाच राउंड वाटले गेले तर ९५-९५.

म्हणजे एका जजने बरोबरी दिली होती आणि दोघांनी टेलरला सहा राउंड दिले होते. आता त्या दोघांपैकी फक्त एकाने, फक्त एक राउंड इकडचा तिकडे केला असता तर? त्याचं पान ९५-९५ झालं असतं. तीनपैकी दोन पानं बरोबरीची, म्हणजे लढत बरोबरीत. बरोबरीत पट्टे हलत नाहीत, ज्याचे त्याच्याकडे राहतात. एका जजच्या पानावरचा एक राउंड एवढाच तो फरक होता, आणि महिलांचा राउंड असतो दोन मिनिटांचा. पाच वर्षं सांभाळलेला पट्टा १२० सेकंदांच्या मोजमापावर गेला.

मोजायचं काय?

जजने प्रत्येक राउंडमध्ये चार गोष्टी पाहायच्या असतात: स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. ऐकायला सरळ आहे. पण ‘परिणामकारक’ म्हणजे काय? सतत पुढे येणारी बॉक्सर आक्रमक दिसते. मात्र ती येताना दरवेळी एक ठोसा खात असेल तर ते आक्रमण समोरचीच्या पथ्यावर पडतं. उलट मागे सरकणारी घाबरलेली दिसते. ती मुद्दाम मागे सरकत असेल, आत येणारीला हव्या त्या जागी आणून ठोसा लगावत असेल, तर रिंगवर ताबा तिचाच असतो.

नवख्या प्रेक्षकाला मी एकच सांगेन: पहिले दोन राउंड हातांकडे बघूच नका, पाय बघा. कबड्डीत चढाई करणारी मुलगी बोनस रेषेजवळ कशी बोटभर अंतर राखून खेळते, आत जाते न जाते, बचावफळीला हात टाकायचा मोह पाडते आणि त्याच क्षणी मागे येते. बॉक्सिंगचा पाया तोच आहे, अंतर. माझा हात पोचेल आणि तुझा पोचणार नाही अशी जागा रिंगमध्ये प्रत्येक क्षणी बदलत असते. ती जागा जिच्या पायांना आधी कळते तिचे हात नंतर हुशार दिसतात.

टेलर याच विद्येत मुरलेली. लहानपणी आयर्लंडमध्ये मुलींच्या लढतीच नव्हत्या, म्हणून हेडगार्डखाली केस लपवून ‘के. टेलर’ एवढंच नाव देऊन ती मुलांशी लढली. देशातली पहिली अधिकृत महिला लढत २००१ मध्ये डब्लिनला झाली. तीही तिचीच, आणि ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. पुढे हौशी बॉक्सिंगची सलग पाच जागतिक सुवर्णपदकं आणि २०१२ चं ऑलिंपिक सुवर्ण. हौशी बॉक्सिंगमध्ये लढत छोटी असते. तिथे झटकन आत शिरून चार ठोशांची माळ लावायची आणि उत्तर यायच्या आत कोन बदलून निघून जायचं, हे अंगवळणी पडतं.

पर्सोनचा रस्ता वेगळा. ती मूळची ज्युदोची. दुखापतीमुळे ज्युदो सुटलं आणि ती बॉक्सिंगकडे आली. २००९ मध्ये व्यावसायिक झाली. मागे हौशी कारकिर्दीची शिदोरी जवळपास नव्हतीच. रेल्वे पोलिसातली नोकरी सांभाळून तिने हे सगळं केलं. तिची शैली पाठ्यपुस्तकातली नाही. हनुवटी पुढे, हात रुंद, एकामागून एक सरळ उजवे ठोसे आणि अखंड पुढे सरकणं. घोटीव शैलीची सवय असलेल्याला हा आडदांडपणा वाटतो. मलाही आधी तसंच वाटलं होतं. नंतर तिचे पाय बघितले. ती टेलरच्या मागे धावत नव्हती, टेलर जिकडे जाणार त्या वाटेवर आधीच पाऊल टाकून उभी राहत होती. याला रिंग कापणं म्हणतात, आणि ते धावण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. मिठी पडली की टेलरला तिला हलवता येत नव्हतं. पाय रोवून समोरचीचं वजन तोलायचं हे ज्युदोने शिकवलेलं असतं. शेवटच्या राउंडांत जगातली सर्वात चपळ बॉक्सर दोरांना टेकलेली दिसते, ती या सगळ्यामुळे.

दोन वेगळ्या विद्या एकमेकींशी भिडल्या होत्या. एकीची विद्या क्षणात दिसते. दुसरीची साचत जाते, आणि साचायला वेळ लागतो.

दोन मिनिटं की तीन?

इथे घड्याळ मधे येतं. पुरुषांची जागतिक लढत तीन मिनिटांच्या बारा राउंडची, म्हणजे ३६ मिनिटांची. महिलांची सहसा दोन मिनिटांच्या दहा राउंडची, म्हणजे २० मिनिटांची. दोन राउंडांमधली विश्रांती मात्र दोघांना एकच मिनिट. पुरुष तीन मिनिटं झुंजून एक मिनिट बसतो, बाई दोन मिनिटं झुंजून एक मिनिट बसते. समोरच्याला दमवून मोडणं हेच जिचं कौशल्य आहे तिच्यासाठी हा हिशेब तोट्याचा. तिने केलेलं काम दर दोन मिनिटांनी घंटा वाजवून निम्मं पुसलं जातं.

ठोसा खाऊन डळमळलेल्या बॉक्सरचंही तसंच. पाय लटपटायला लागल्यावर तिला सावरायला सेकंद लागतात, आणि घंटा लवकर आली की ते सेकंद तिला फुकट मिळतात. म्हणून महिलांच्या लढती नॉकआउटने कमी संपतात. मग आयोजक म्हणतात, बायकांच्या लढतीत नॉकआउट होत नाहीत, प्रेक्षकांना मजा येत नाही, पैसे कमी देऊ. आधी नियमाने हात बांधायचे आणि मग हात चालत नाहीत म्हणून मजुरी कापायची, हे मला कधीच पटलेलं नाही.

जजच्या पानावरही याचा परिणाम होतो. राउंडच्या शेवटच्या वीस सेकंदांत एखादीने सफाईदार ठोशांची सरबत्ती केली, तर दोन मिनिटांच्या राउंडमध्ये तो सहावा हिस्सा असतो, तीन मिनिटांच्या राउंडमध्ये नववा. छोट्या राउंडमध्ये चमकदार क्षणाचं वजन वाढतं आणि सलग दिलेल्या दबावाचं घटतं. राउंड अटीतटीचे होतात, जजला तरी कोणाला तरी १० द्यावेच लागतात, आणि कागदावर उमटणारा एका गुणाचा फरक रिंगमध्ये केसाएवढा असतो.

डब्ल्यूबीसी ही संघटना महिलांसाठी तीन मिनिटांच्या राउंडला मान्यता देत नाही. महिलांना मेंदूला मार लागण्याचा धोका जास्त आहे, हे तिचं कारण. ही काळजी मी उडवून लावणार नाही. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या माराचे परिणाम खरे असतात आणि वर्षांनी दिसतात. पण हौशी बॉक्सिंगमध्ये महिला २०१७ पासून पुरुषांसारखेच तीन मिनिटांचे तीन राउंड लढतात. आपली लवलीना बोर्गोहाइं टोकियोत कांस्य जिंकली ती तीन मिनिटांचे राउंड लढूनच. ऑलिंपिकला आलेल्या मुलीला चालतात ती तीन मिनिटं जगज्जेत्या व्यावसायिक बाईला का चालू नयेत? लढती लांबल्या तर एकूण मार वाढतो, हे उत्तर आहे आणि ते बिनबुडाचं नाही. पण मग धोक्याचा निर्णय लढणाऱ्या बायकांना विचारून व्हायला हवा. पोर्तो रिकोची अमांडा सेरानो ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑरलँडोत तीन मिनिटांचे बारा राउंड लढली. डब्ल्यूबीसीने त्या लढतीला मान्यता दिली नाही, आणि सेरानोने डिसेंबरमध्ये त्यांचा पट्टाच परत केला.

पट्टा असूनही अनोळखी

पर्सोनने २०१४ मध्ये अर्जेंटिनाच्या एरिका फारियासला हरवून जागतिक पट्टा जिंकला, तो झ्वेवेझेले नावाच्या गावातल्या क्रीडागृहात. हे गाव बेल्जियमच्या वेस्ट फ्लँडर्स प्रांतात आहे. हा सगळा मुलूख सायकल शर्यतींसाठी वेडा. तिथे पोरं सायकलपटूंची नावं पाठ करतात. शिवाय बेल्जियममध्ये क्रीडा हा विषय केंद्राकडे नसून भाषिक समुदायांकडे आहे, डच भाषकांची व्यवस्था वेगळी आणि फ्रेंच भाषकांची वेगळी. छोटा देश, त्यात दोन घरं, आणि बॉक्सिंग दोन्ही घरांत ओसरीवर.

तरी या देशाला बॉक्सिंगचा इतिहास आहे आणि तो चांगला ऐकण्यासारखा आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंगच्या लढती तिथल्या प्राणिसंग्रहालयाच्या सभागृहात झाल्या. चारच वर्षांनी पॅरिसला ज्यां देलार्ज वेल्टरवेट गटात सुवर्ण जिंकला. बेल्जियमचं बॉक्सिंगमधलं ते एकमेव ऑलिंपिक सुवर्ण.

मला सर्वात ओढ आहे ती सिरिल डेलानुआची. २३ मे १९४८ रोजी ब्रसेल्समध्ये त्याने फ्रान्सच्या मार्सेल सेर्दांला पंधरा राउंडांनंतर गुणांवर हरवलं. सेर्दां तेव्हा युरोपचं दैवत होता. शंभराहून जास्त विजय मिळवलेल्या त्या माणसाला अख्ख्या कारकिर्दीत गुणांवर हरवणारा एकटा डेलानुआ. पण ४८ दिवसांत, १० जुलैला, ब्रसेल्समध्येच पुन्हा लढत झाली. सेर्दां जिंकला आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेत टोनी झेलला हरवून जगज्जेता झाला. पुढच्याच वर्षी त्याचा विमान अपघातात मृत्यू झाला. त्याची दंतकथा झाली आणि डेलानुआ त्या दंतकथेतली तळटीप होऊन राहिला.

आणि ज्यां-पिएर कोपमान. तोही वेस्ट फ्लँडर्सचा, इंगेलमुन्स्टरचा. २० फेब्रुवारी १९७६ रोजी पोर्तो रिकोच्या सान हुआनमध्ये तो जागतिक पट्ट्यासाठी मुहम्मद अलीसमोर उभा राहिला. ‘फ्लँडर्सचा सिंह’ म्हणून त्याची जाहिरात झाली. पाचव्या राउंडमध्ये अलीने त्याला संपवलं. लढत एकतर्फीच होती. कोपमान पुढच्याच वर्षी हेवीवेट गटात युरोपचा विजेता झाला, पण ते बेल्जियमबाहेर कोणाला आठवतं? कोपमान म्हणजे अलीकडून हरलेला तो.

म्हणजे बेल्जियन बॉक्सरला जग ओळखतं ते त्याने परक्या मातीवर, मोठ्या नावासमोर खाल्लेल्या हारीमुळे. पर्सोनचंही तसंच झालं, पण दोन हारींमधलं अंतर पाहा. कोपमानला अलीसमोर उभं राहण्याचा मान मिळाला होता. पर्सोन स्वतः पट्टा घेऊन गेली होती, बरोबरीची म्हणून, आणि तिच्या हारीनंतर जगातल्या बॉक्सिंग रसिकांनी मागे वळून विचारलं, ही बाई इतकी वर्षं होती कुठे? ती होती तिथेच होती, क्रीडागृहात, लढतीमागून लढत जिंकत. न्यूयॉर्कला येईपर्यंत ४३ विजय आणि एक हार.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये रँकिंगने कोण कोणाशी लढणार हे ठरत नाही, आयोजक ठरवतात. प्रत्येक मोठ्या लढतीला एक यजमान बाजू असते आणि एक पाहुणी. यजमान बाजूचा बॉक्सर आयोजकाच्या करारात असतो, लढत त्याच्या सोयीच्या शहरात होते, तिकिटं त्याच्या नावावर खपतात, प्रेक्षागृह त्याच्या ठोशाला गरजतं. यात कटकारस्थान असावंच लागत नाही. त्या रात्रीच्या जजवर मी कसलाही आळ घेत नाही. पण हजारो आयरिश कंठ टेलरच्या प्रत्येक ठोशाला उचलून धरत होते आणि पर्सोनचा ठोसा लागला तेव्हा शांतता होती. जज माणूस असतो, त्यालाही कान असतात. म्हणूनच मी ही लढत दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहिली. तुम्हीही तशी पाहा, पाचव्या राउंडनंतर ती वेगळीच लढत वाटते.

उशिरा उघडलेली दारं

महिलांच्या बॉक्सिंगला मान्यता किती अलीकडची आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ब्रिटनच्या व्यावसायिक बॉक्सिंग बोर्डाने जेन काउच या बॉक्सरला परवाना नाकारला होता. मासिक पाळीमुळे बायका अस्थिर होतात, असाही युक्तिवाद बोर्डाकडून झाला. ती लवादात गेली आणि १९९८ मध्ये जिंकली. हौशी महिलांची पहिली जागतिक स्पर्धा २००१ ची, अमेरिकेतल्या स्क्रँटनची. आपल्या मेरी कोमचं पहिलं जागतिक पदक, रौप्य, तिथलंच.

ऑलिंपिकचं दार २०१२ ला उघडलं, तेही किलकिलं. पुरुषांना दहा वजनगट आणि महिलांना तीन. सर्वात हलका गट ५१ किलोचा. तोवर पाच वेळा जगज्जेती झालेली मेरी कोम त्याहून हलक्या गटात लढायची. तिला स्वतःहून जड मुलींशी लढावं लागलं आणि त्यातून तिने कांस्य आणलं. तिच्या कांस्याचं कौतुक करताना हा भाग सांगायचा राहून जातो. पॅरिस २०२४ पर्यंत महिलांचे गट सहा झाले होते.

पर्सोनला टेलरशी परतीची लढत मिळाली २२ ऑगस्ट २०२० ला, जवळजवळ पंधरा महिन्यांनी. सेर्दांला ४८ दिवस थांबावं लागलं होतं. मधे टेलर वरच्या वजनगटातला पट्टा जिंकून आली, मग महासाथ आली. पर्सोनने त्या काळात टोकियो ऑलिंपिकसाठी पात्र ठरायचाही प्रयत्न केला, पण तिला जायला मिळालं नाही. परतीची लढत इंग्लंडमध्ये ब्रेंटवूडला झाली, आयोजकाच्या कार्यालयाच्या आवारात उभारलेल्या रिंगमध्ये, प्रेक्षकांविना. या वेळी गर्जना नव्हत्या आणि टेलर अधिक शहाणपणाने लढली. ती ठोसा लगावून थांबत नव्हती, लगेच कोन बदलत होती. निकाल ९६-९४, ९६-९४, ९८-९३. शेवटचा आकडा नीट पाहा. दहा राउंड १०-९ ने वाटले तर बेरीज १९० यायला हवी, इथे ती १९१ आहे. त्या जजने एक राउंड बरोबरीत दिला होता. मला त्या जजबद्दल आदर वाटतो. ज्या राउंडमध्ये फरक दिसला नाही तिथे फरक लिहायचा नाही, हे तो करू शकला. आणि ही लढत टेलरने जिंकली, यात मला शंका नाही.

पर्सोन थांबली नाही. २७ सप्टेंबर २०२४ रोजी, ३९ व्या वर्षी, ती अटलांटात अॅलिसिया बॉमगार्डनरसमोर सुपर फेदरवेटच्या जागतिक पट्ट्यांसाठी उभी होती. पुन्हा परक्या मातीवर, पुन्हा पाहुण्या बाजूने. चौथ्या राउंडमध्ये डोकी एकमेकांवर आपटली, जखम झाली आणि लढत थांबवावी लागली. चार राउंड पूर्ण होण्याआधी अशी अपघाती जखम झाली तर जजची पानं मोजलीच जात नाहीत. पुरुषांच्या लढतीत चार राउंड म्हणजे बारा मिनिटं, महिलांच्या लढतीत आठ. पट्टे बॉमगार्डनरकडेच राहिले आणि पर्सोनच्या नावापुढे त्या रात्रीचं ना विजय लागला, ना पराभव.